सगुणेची टोपली

प्रवरेच्या काठी, एका लहानशा खेड्यात, एकदा एक वृद्ध ख्रिस्ती पाळक राहत असत. त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. मंडळीतले लहानथोर त्यांना पाळकबाबा म्हणत, आणि जे मंडळीत नव्हते तेही वाटेत भेटले की ‘पाळकबाबा, सलाम’ म्हणत. त्यांचं उपासनामंदिर कौलारू होतं. बाहेर चिंचेच्या फांदीला घंटा टांगलेली, आत बसायला सतरंज्या आणि एका कोपऱ्यात भात्याला ठिगळ लावलेली पेटी. आता तिथे मोठी सिमेंटची इमारत उभी आहे. आत कर्णे लावले आहेत आणि गाणाऱ्यांचा आवाज पार नदीपलीकडे जातो. जाऊ दे बापडा. पण ज्यांनी ते जुनं मंदिर पाहिलं आहे, त्यांना अजून सतरंज्यांचा तो धुळकट वास आठवतो आणि जरा गलबलून येतं.

त्या दिवसांतला सर्वांत आवडता दिवस म्हणजे हंगामाचा रविवार. बाजरीची कापणी आटोपली की कार्तिकातल्या एका रविवारी घराघरातून टोपल्या येत. बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, दुधी, लाल भोपळे, हिरव्या मिरच्या, कुणाची चार अंडी, कुणाची पाय बांधलेली कोंबडी. सगळ्या टोपल्या पुढे मेजाभोवती मांडत, आणि पाळकबाबा एकेक टोपली दोन्ही हातांनी डोक्यावर धरून त्या घराचं नाव घेत. मग सगळी मंडळी ‘आमेन’ म्हणे. उपासना संपली की त्याच धान्याचा आणि भाज्यांचा स्वयंपाक चिंचेखाली होई आणि पंक्ती उठत. कोंबडी मध्येच सुटून पेटीखाली शिरली, असं एखाद्या तरी वर्षी व्हायचंच. त्या वेळी पाळकबाबाही हसू दाबत नसत.

या पाळकबाबांचा एक शिष्य होता. त्याचं नाव आमोस. वय तिशीच्या आतबाहेर, अंगानं सडपातळ, आणि गळा असा की त्यानं पहिली ओळ उचलली की बाहेर गप्पा मारत उभे असलेले लोकही आत येऊन बसत. पाळकबाबांजवळ राहून तो उपदेश शिकत होता. परमेश्वराची स्तुती सर्व परिस्थितीत करावी, ही बाबांची शिकवण त्यानं अगदी घट्ट धरली होती. घट्ट म्हणजे किती, तर कुणाचा बैल मेला तरी आमोस म्हणे, ‘प्रभूची स्तुती असो.’ कुणाचं छप्पर उडालं तरी तेच. माणूस चांगला, बोलणं मनापासूनचं, त्यात ढोंग तसूभर नाही. तरीसुद्धा ज्यांच्या घरी काही वाईट घडलेलं असे, ते त्याला लांबून पाहून आपली वाट बदलत, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आमोसची बायको सगुणा. लग्नानंतर बरीच वर्षं त्यांना मूल नव्हतं. मग एका श्रावणात मुलगी झाली. नाव ठेवलं तबिथा, पण घरीदारी सगळे तिला तबी म्हणत. सगुणा परड्यात भाजीचे वाफे करायची आणि लेकीला टोपलीत घालून बांधावर सावलीला ठेवायची. दर पाच मिनिटांनी उठून टोपली सावलीबरोबर सरकवायची, कारण पोरीला ऊन सोसत नसे. जरा ऊन लागलं की अंगावर घामोळं उठायचं. पुढल्या आषाढात, भिंतीला धरून उभी राहू लागली असताना, तबीला ताप आला. तालुक्याच्या गावी नेईपर्यंत सगळं संपलं.

दफनाच्या दिवशी आमोसनं जे केलं ते गावात पुढे बरेच दिवस बोललं गेलं. खड्ड्यावर माती लोटताच त्यानं मान वर केली आणि खणखणीत आवाजात आभाराचं गीत धरलं. एकदाही त्याचा आवाज कापला नाही. सगुणा मातीच्या कडेला बसून रडत होती. दोन कडव्यांच्या मध्ये तो खाली वाकून हलकेच तिला म्हणाला, "रडू नको. लोक बघताहेत. आपल्याला विश्वासाची साक्ष द्यायची आहे." तिनं पदर तोंडात धरला आणि गप्प झाली. लोकांनी आमोसचे हात हातात घेऊन म्हटलं, याला म्हणतात विश्वास. त्यालाही मनातून समाधान वाटलं.

त्यानंतर सगुणा रडली नाही. ती पाणी भरी, भाकरी थापी, सारवण करी, विचारलेल्याचं उत्तर देई. पण उपासनेला यायची बंद झाली. संध्याकाळी आमोस घरात प्रार्थनेला उभा राहिला की ती चुलीशीच बसे आणि लाकडं पुढे-मागे करत राही. परड्यात तिनं यंदा काही लावलंच नाही. वाफ्यांतून गवत माजलं. आमोसनं समजावलं, वचनं सांगितली, एकदा चिडूनही बोलला. आता विहिरीवर कुजबूज होऊ लागली की उपदेशकाची बायकोच फिरली, तिचा विश्वास गेला.

आणि नेमकं त्याच सुमारास नदीपलीकडच्या गावात नवी मंडळी उभी राहिली होती. तिला उपदेशक हवा होता. हंगामाच्या रविवारी उपासना झाली की कुणाला पाठवायचं ते पाळकबाबा सांगणार होते. आमोसनं लहानपणापासून दुसरं काही मागितलं नव्हतं. त्याला झोप लागेना. ज्याच्या घरात स्तुती बंद पडली त्याच्या हाती मंडळी कोण सोपवील, या एकाच विचारानं त्याला पोखरलं होतं. बायकोचं दुःख त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण त्या दुःखाकडे पाहिलं की आपला पाय घसरेल, अशी त्याला भीती वाटे, म्हणून तो तिकडे पाहत नसे.

हंगामाचा रविवार उजाडला. आमोस पहाटेच मंदिरात जाऊन झाडलोट करून, पेटी पुसून, टोपल्या मांडायच्या तयारीत होता. एवढ्यात दारात सगुणा दिसली. कित्येक महिन्यांनी ती मंदिरापर्यंत आली होती. तिच्या कडेवर टोपली होती. आमोसला इतका आनंद झाला की तो जवळजवळ धावतच पुढे गेला. तिनं टोपली त्याच्या हातात दिली. टोपलीत काहीच नव्हतं.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"एवढं प्रभूपुढं ठेवा," ती म्हणाली. "आपल्या घरचं यंदा एवढंच हाय."

आणि ती वळून चिंचेच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. आत आली नाही.

मंडळीचे वडीलधारे आता येतीलच. भरल्या टोपल्यांच्या मध्ये उपदेशकाच्या घरची रिकामी टोपली, म्हणजे देवाला तोंडावर सांगणंच की तू आम्हाला काही दिलं नाहीस. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या शिमोननं आधीच आणून ठेवलेल्या ढिगात भोपळे भरपूर होते. त्यानं त्यातले दोन उचलले, वर एक दुधी आणि मूठभर शेंगा घातल्या आणि टोपली नीट सजवली. टोपलीच्या काठाला कसलीशी जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. ती बरी दिसेना, म्हणून शेंगांचे वेल तिच्यावर ओढले. शिमोनला नंतर सांगता येईल, असं त्यानं मनाशी म्हटलं. आपण घराची अब्रू राखली, असंच त्याला वाटलं.

थोड्या वेळानं पाळकबाबा काठी टेकत आले. टोपल्यांवरून नजर फिरवत ते या टोपलीशी थांबले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

"आमोस, परड्यात यंदा भोपळे झाले वाटतं?"

"हो बाबा," आमोस म्हणाला. "देवाच्या कृपेनं."

पाळकबाबांनी मान हलवली आणि पुढे गेले.

घंटा झाली. मंदिर भरलं. आमोसनं गीत धरलं आणि त्या दिवशी तो नेहमीपेक्षाही सुरेख गायला, असं लोक सांगत. मग टोपल्या वर धरायची वेळ आली. पाळकबाबा एकेक टोपली उचलत, घराचं नाव घेत, आणि आमेनचा गजर होई. शिमोनची टोपली झाली, थोमाची झाली, विधवा राहेलच्या चार अंड्यांची झाली. ती टोपली तर बाबांनी सर्वांत जास्त वेळ वर धरली, कारण राहेलची कोंबडी एकच होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी आमोसच्या घरची टोपली उरली.

ती पाळकबाबांनी उचलली नाही. ते तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागले. आधी शेंगा, मग दुधी, मग एक भोपळा, मग दुसरा. सगळं सतरंजीवर बाजूला ठेवलं. काठावरचे वेल सोडवले. आता आपलं खोटं चव्हाट्यावर येणार आणि नदीपलीकडची वाट कायमची बंद होणार, हे आमोसला कळून चुकलं.

टोपली पूर्ण रिकामी झाल्यावर पाळकबाबा उठले. उठताना त्यांना दोनदा जमिनीला हात लावावा लागला. मग त्यांनी ती रिकामी टोपली दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, सगळ्या टोपल्यांपेक्षा उंच, आणि म्हणाले, "सगुणा आणि आमोस यांचं घर."

कोणी आमेन म्हटलं नाही. लोकांना काय म्हणावं ते समजेना. काहींना वाटलं, बाबांचं वय झालं. बाबा टोपली खाली घेईनात. त्यांचे हात कापू लागले, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत घसरल्या, तरी ते तसेच उभे राहिले. आणि मग दाराबाहेरून एक आवाज आला. सगुणा चिंचेपासून दारापर्यंत कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं. उंबऱ्यावर बसून ती मोठ्यानं रडत होती. आषाढात पदरात कोंडलेलं ते रडणं आता तिला आवरत नव्हतं, आणि तिनं आवरलंही नाही.

"आमेन," पाळकबाबा म्हणाले.

मग राहेल म्हणाली, मग शिमोन, आणि तुटक तुटक करत सारी मंडळी म्हणाली. बाबांनी टोपली मेजावर ठेवली, सर्व टोपल्यांच्या मध्यभागी. दोन बायका उठून सगुणेजवळ उंबऱ्यावर जाऊन बसल्या. त्या दिवशी शेवटचं गीत झालंच नाही आणि कुणाला त्याची चुटपुट लागली नाही.

पंक्ती उठल्या, भांडी घासून झाली, लोक पांगले. पाळकबाबा चिंचेखाली बाजेवर बसले होते. आमोस त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. त्यानं आधी खोटं बोलल्याची क्षमा मागितली. बाबांनी ती दिली आणि त्याला बसायला सांगितलं.

"ती टोपली ओळखलीस का?" त्यांनी विचारलं.

"आमच्याच घरची," आमोस म्हणाला.

"गेल्या हंगामाला तुझी लेक हिच्यातून आली होती. बांबूची सळ पोरीला बोचू नये म्हणून सगुणेनं काठाला चिंधी गुंडाळली होती. बाजरीच्या कणसांवर धडपा अंथरून तिला वर निजवली होती. मी टोपली वर धरली, तर पोरगी खालच्या लोकांकडे टकामका बघत राहिली. सगळे हसले. तूही हसलास. आठवतं?"

आमोसला आठवलं. सकाळी त्या चिंधीवर वेल ओढणारे आपलेच हात तो बघत राहिला.

"बाबा," शेवटी तो म्हणाला, "सर्व परिस्थितीत स्तुती करावी, हे तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं, आणि अजून तेच शिकवतो. पण परिस्थितीच लपवलीस तर तिच्यात स्तुती कशी करशील? दुःख दाराबाहेर चपलांजवळ ठेवा आणि मग आत या, असं मी कधी म्हटलं का? प्रभू येशू मित्राच्या कबरीशी उभा राहून रडला. आपण त्याला कबरीतून उठवणार आहोत हे ठाऊक असून रडला. तू काय त्याच्याहून मोठा विश्वासू झालास? सगुणा रागावली होती. पण ज्यानं लेक दिली त्याच्याच पुढे तिनं ती टोपली आणून ठेवली. दुसऱ्या कुणाच्या दारात नाही नेली, अडगळीतही नाही टाकली. माझं उभं आयुष्य या मंदिरात गेलं, आमोस. याहून खरी उपासना मी इथे पाहिली नाही. आणि तू तिच्यावर भोपळे घातलेस."

आमोसची मान खाली गेली. मग विचारावं की नाही अशा आवाजात त्यानं नदीपलीकडच्या मंडळीचं विचारलं.

"त्यांना गाणारा उपदेशक हवा आहे, आणि तू गातोस चांगला," पाळकबाबा म्हणाले. "पण माणसं तिथेही मरतात. वर्षभर थांबू देत त्यांना. तू आधी घरी जा."

पुढे आमोस नदीपलीकडे गेला, तिथे म्हातारा झाला, आणि त्यालाही लोक पाळकबाबा म्हणू लागले. तिथल्या जुन्या माणसांना विचाराल तर ती सांगतील की कुणाच्या घरी मयत झाली की पहिलं बोलावणं त्यालाच जाई. तो यायचा, ओट्यावर बसायचा, आणि घरचे रडायचे थांबेपर्यंत गीताला हात घालायचा नाही. असा पाळक आता कुठे मिळतो, असं ती माणसं हळहळून म्हणतात. पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी दिवेलागणीला तो आपल्या घरी पोचला तेव्हा सगुणा चुलीपाशी बसली होती, डोळे सुजलेले, हातात पीठ.

रोजच्याप्रमाणे तो प्रार्थनेला उभा राहिला. "हे दयाळू पित्या, आम्ही तुझी स्तुती करतो," इथपर्यंत आला आणि पुढचे शब्द, जे त्याला झोपेतसुद्धा पाठ होते, ते येईनात. तो खाली बसला. भिंतीला ज्या ठिकाणी धरून तबी उभी राहायची तिथेच त्याची पाठ टेकली.

"आम्हाला ती हवी होती," तो म्हणाला. "प्रभू, आम्हाला ती फार हवी होती." एवढं बोलून तो रडू लागला. शेजारी ऐकू जाईल याचं त्याला भान राहिलं नाही.

सगुणा त्याच्याकडे पाहत राहिली. असं त्याला तिनं कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं हातचं पीठ परातीत झटकलं, चुलीजवळून उठली, आणि त्याच्या शेजारी येऊन गुडघे टेकले. कित्येक महिन्यांत तिनं प्रार्थना केली नव्हती, आणि शब्द जुळवायची तिला सवय राहिली नव्हती.

"देवा," ती म्हणाली, "तिला सावलीला ठेव. तिला ऊन सोसत नाय."

आमोसला या प्रार्थनेला काही जोडता येईना. त्यानं नुसतं आमेन म्हटलं.